भेट द्यायला फुलं कुठून घ्यावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका फुलांच्या दुकानात मी नऊ वर्षं बुके बांधले. आता ते काम करत नाही, पण नात्यात, शेजारात कुणालाही फुलं द्यायची असली की फोन मलाच येतो आणि प्रश्न ठरलेले असतात. फूल कुठलं घ्यावं हे सगळे विचारतात, घ्यावं कुठून हे फार थोडे विचारतात. खरं तर तेच आधी ठरवायला हवं, कारण चांगल्या हाताखालून आलेला साधा शेवंतीचा गुच्छ आठवडाभर टिकतो आणि दुर्लक्षात पडलेलं महागडं ऑर्किड दुसऱ्या दिवशी मान टाकतं.

बाजार, दुकान की ऑनलाइन? थोडक्यात सांगा.

स्वतः नेऊन देणार असाल तर घराजवळचं किंवा ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांच्या वाटेवरचं दुकान. फुलं भरपूर लागणार असतील, म्हणजे साखरपुडा, वास्तुशांत, सगळ्या पाहुण्यांना एकेक गुलाब असं काही, तर पहाटेचा बाजार. देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं गाव वेगळं असेल तर घेणाऱ्याच्या गावातलं दुकान, तेही फोन करून. ॲपवरून मागवणं मी सगळ्यांत शेवटी सुचवते. त्याची कारणं पुढे आहेत.

दुकान चांगलं आहे हे बाहेरून कसं ओळखायचं?

बादल्या बघा. फुलांकडे नंतर बघितलं तरी चालेल. पाणी स्वच्छ आहे का, जवळ गेल्यावर कुबट वास येतो का, पाण्याच्या पातळीखाली पानं बुडालेली आहेत का. बुडालेली पानं कुजतात, पाण्यात जंतू वाढतात, देठाची तोंडं बंद होतात आणि फूल पाण्यात उभं राहूनही तहानलेलं राहतं. ज्या दुकानात सकाळी पानं ओरबाडून काढायला, देठ पुन्हा कापायला आणि पाणी बदलायला माणूस आहे, त्या दुकानाची पाटी साधी असली तरी तिथूनच घ्या.

दुसरी गोष्ट खप. पाच जातींची फुलं असलेलं आणि संध्याकाळी रिकामं होणारं दुकान हे पंचवीस जाती मांडून बसलेल्या दुकानापेक्षा कधीही बरं. संध्याकाळी सात-साडेसातला एकदा चक्कर मारा. बादल्या भरलेल्याच दिसल्या तर उद्या सकाळी त्यातलंच फूल पुढे येणार हे समजा.

आणि सरळ विचारा, "आजचा माल कुठला आणि कालचा कुठला?" चांगला फुलवाला या प्रश्नावर चिडत नाही. आमचे मालक गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचे, "गुलाब आज पहाटेचा आहे, जरबेरा परवाचा आहे, तो नका घेऊ." त्या एका वाक्यामुळे लोक वर्षानुवर्षं येत राहिले. सगळंच "एकदम फ्रेश" म्हणणाऱ्याकडून मी काही घेत नाही.

काचेच्या थंड कपाटावर मात्र एकदम भाळू नका. थंडाव्यात फुलाचं आयुष्य वाढतं हे खरं आहे, पण तिथे चार दिवस काढलेलं फूल एप्रिलच्या उन्हात बाहेर आलं की तासाभरात ढेपाळतं. कपाट असणं चांगलंच, फक्त आत माल कधी ठेवला ते विचारा.

गुलाब ताजा आहे की नाही, हे हातात घेऊन कसं कळतं?

पाकळ्या देठाला जिथे जुळतात तिथे, कळीच्या बुडाशी, अंगठा आणि तर्जनीने अलगद दाबा. कच्च्या बोरासारखी घट्ट लागली तर फूल ताजं आहे. पिकल्या चिकूसारखी दबली तर सोडून द्या. डच गुलाबाच्या, म्हणजे हरितगृहात वाढलेल्या लांब देठाच्या गुलाबाच्या, कळीवर जाळीची टोपी असते, ती उमलू नये म्हणून शेतावरच घातलेली असते. टोपी काढून दाखवायला सांगा. आतून ओलसर, करपल्यासारखे तपकिरी ठिपके निघाले तर ते फूल एका रात्रीत काळं पडतं. पावसाळ्यात हे फार होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण हे काम मी स्वतः केलं आहे. सकाळी दुकान उघडलं की कालचे गुलाब बाहेर काढायचे, बाहेरच्या सुकलेल्या पाकळ्या एकेक सोलायच्या, देठ बोटभर कापायचा आणि ताज्या पाण्यात सोडायचं. फूल पुन्हा नवं दिसतं, पण अंगाने बारीक होतं. म्हणून सगळ्यांत बाहेरच्या दोन-तीन पाकळ्या थोड्या हिरवट, वेड्यावाकड्या असल्या तर नाक मुरडू नका. त्या नैसर्गिकच तशा असतात आणि त्या अजून जागेवर आहेत म्हणजे त्या फुलावर फारशी कात्री चाललेली नाही.

बाकीच्या फुलांचं असं: जरबेऱ्याच्या मधल्या चकतीवर पिवळी भुकटी पसरलेली असेल तर ते वय झालेलं फूल आहे. त्याच्या देठावर स्ट्रॉ चढवलेला असतो, तो मान सरळ राहावी म्हणून असतो आणि त्यात फसवणूक नाही. पण एक फूल स्ट्रॉशिवाय हातात धरून बघा. कार्नेशनच्या पाकळ्या आत वळून मिटल्यासारख्या दिसल्या की ते संपलं. लिलियमची (बुकेतल्या मोठ्या लिलीची) एखादीच कळी रंगावर आलेली आणि बाकीच्या बंद अशी काडी घ्या. गुलछडीची खालची दोन-तीन फुलं उमललेली पुरेत, वरची घरी गेल्यावर रोज थोडी थोडी उमलतात आणि घर रात्री दरवळतं.

तयार बुके घ्यावा का?

नाही. वेळ असेल तर समोर बांधून घ्यावा. तयार बुके बहुतेकदा सकाळी बांधलेला असतो आणि त्यात दर्शनी बाजूला चांगलं फूल, मागे राहिलेलं फूल हे सर्रास चालतं. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळल्यावर मागचं दिसत नाही. समोर बांधून घेताना फुलं स्वतः बादलीतून निवडा आणि कागद, रिबन, चमकी यांत कमी पैसे घालायला सांगा. जिप्सोफिलाचे, म्हणजे भरावाला घालतात त्या बारीक पांढऱ्या फुलांचे, चार झुपके घातले की बुके भरलेला दिसतो आणि फुलं कमी लागतात. ते वाईट नाही, पण तुम्ही पैसे कशाचे देता आहात ते कळायला हवं.

टोपलीतल्या सजावटीत हिरव्या स्पंजाचा ठोकळा असतो. घेणाऱ्याला सांगा की त्यावर रोज वाटीभर पाणी ओतायचं. हे कुणी सांगत नाही, आणि म्हणून टोपल्या दोन दिवसांत वाळतात.

दादरच्या किंवा पुण्याच्या फूलबाजारात आम्हांला किरकोळ मिळतं का?

मिळतं, पण गड्डीच्या हिशेबाने. डच गुलाबाची गड्डी २० नगांची, लिलियम आणि ग्लॅडिओलस १० काड्यांचे, झेंडू-शेवंती किलोवर, ॲस्टर जुडीने. एक शब्द नीट लक्षात ठेवा: बाजारात नुसतं "लिली" म्हटलं तर हार-वेणीत लागणाऱ्या पांढऱ्या बारीक कळ्यांचं बंडल हातात पडतं. बुकेतली मोठी फुलं हवी असतील तर "लिलियम" म्हणायचं.

मुंबईत दादर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलात की फुलांच्या वासानेच रस्ता सापडतो. उजाडायच्या आत तिथे जत्रा भरलेली असते. वसई-विरारकडच्या बायका पहिल्या लोकलने सोनचाफा, मोगरा, तुळस घेऊन येतात, पुणे-नाशिक बाजूच्या गाड्या रात्रीच उतरलेल्या असतात. पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फूलबाजार. दोन्हीकडे सकाळी आठच्या आत पोचा. उशिरा गेलात तर भाव उतरलेला मिळेल, पण राहिलेला माल मिळेल.

सोबत बादली न्या. हे मी कळकळीने सांगते. लोक वीस गुलाबांची गड्डी खांद्याला लावून दोन लोकल बदलतात आणि घरी पोचल्यावर बाजाराला नावं ठेवतात. तळाशी चार बोटं पाणी असलेली छोटी बादली किंवा निदान ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले देठ, एवढं केलं तरी फूल वाचतं.

ॲपवर मागवलेली फुलं नेमकी येतात कुठून?

बहुतेक वेळा तुम्ही दिलेल्या पत्त्याजवळच्याच एखाद्या दुकानातून. दूरवरचा निरोप घेऊन तिथल्या फुलवाल्याने फुलं पोचवायची ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९१० साली फुलवाल्यांनी एकत्र येऊन तारेने ऑर्डरी पाठवण्याची व्यवस्था उभी केली, तेव्हापासून ती चालत आलेली आहे. आज तारेच्या जागी ॲप आलं. काही कंपन्यांची स्वतःची दुकानं असतात, काही फक्त मध्ये उभ्या असतात. मध्ये उभी असलेली कंपनी आपला वाटा ठेवून उरलेल्या पैशांत बुके बांधायला सांगते. म्हणून हजार रुपये मोजूनही हातात पडणारा गुच्छ हजाराचा वाटत नाही.

आमच्या दुकानालाही अशा ऑर्डरी यायच्या. फोटोत पीच रंगाचे गुलाब, बाजारात त्या दिवशी पीच नाही, मग गुलाबी घालायचे. अटींमध्ये "उपलब्धतेनुसार बदल" असं वाक्य असतंच. गिऱ्हाइकाशी आमचं बोलणं होत नसे, त्यामुळे विचारायची सोय नसायची. हीच ऑर्डर थेट फोनवर आली असती तर मी म्हटलं असतं, "पीच नाही, पण अबोली रंगाची कार्नेशन सुंदर आलीत, घालू का?"

माझ्या मावशीच्या पंचाहत्तरीला मी स्वतः घाईत एका ॲपवरून नागपूरला फुलं पाठवली. सकाळी अकराची वेळ घेतली होती, रात्री नऊला पोचली. तोवर ओवाळणं झालं, पाहुणे गेले. मावशीने फोटो पाठवला, त्यात सहाच्या सहा जरबेऱ्यांच्या माना खाली. ती बिचारी म्हणाली, "रंग छान आहे हो." तेव्हापासून मी तिच्या घराजवळच्या फुलवाल्याचा नंबर भाच्याकडून मागून घेतला आहे.

फुलं फोटोसारखी आली नाहीत किंवा उशिरा आली, तर?

पॅकिंग उघडण्याआधी आणि उघडल्यावर लगेच फोटो काढायला घेणाऱ्याला सांगा. नाशवंत माल असल्यामुळे तक्रार त्याच दिवशी करावी लागते. दोन दिवसांनी कुणी ऐकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली ई-कॉमर्सचे नियम २०२० साली आले. त्यांनुसार कंपनीने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवायलाच हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायला हवं. तरीही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. पैसे परत मिळतात, वाढदिवस मिळत नाही, म्हणून मी आधीच सावध व्हा म्हणते.

आईवडील तालुक्याच्या गावी आणि मी परदेशात. माझ्यासाठी काय मार्ग?

तालुक्याच्या ठिकाणी ॲप "पोचवतो" म्हणतं, पण बुके अनेकदा जवळच्या शहरातून गाडीवर येतो आणि प्रवासातच शिळा होतो. त्यापेक्षा त्या गावात एसटी स्टँडजवळ किंवा देवळाजवळ हारवाला असतोच. त्याच्याकडे बुके नसेल, पण त्याच सकाळी ओवलेला मोगऱ्याचा गजरा, घसघशीत शेवंतीचा हार, ओंजळभर सुटी फुलं असतील. आईला यातलं काय जास्त आवडेल ते तुम्हांलाच माहीत. चुलतभावाला पैसे पाठवा, तो जाऊन घेऊन येईल आणि व्हिडिओ कॉलही लावून देईल.

वेळेचं एकच बघा. अमेरिकेत असाल तर तिकडची रात्र ही इकडची सकाळ असते; फुलवाल्याशी बोलायचं तर इथल्या आदल्या संध्याकाळी बोला, म्हणजे तो पहाटे बाजारातून तुमच्या नावाने माल आणेल.

परदेशात तिथल्या मराठी घरी गजरा द्यायचा असेल तर सिंगापूरच्या लिटल इंडियात ओवलेल्या फुलांची दुकानं रस्त्यावरच आहेत. लंडनला कोलंबिया रोडचा रविवारचा फूलबाजार चांगला आहे, तिथे फुलं मनासारखी मिळतात.

कुठल्या दिवसांत घेऊ नयेत?

घेऊ नयेत असे दिवस नाहीत, पण भाव चढतात ते दिवस ठरलेले आहेत: गणपती, नवरात्र-दसरा, दिवाळी, मार्गशीर्षातले गुरुवार, लग्नाच्या दाट तिथी. पितृपक्षात मागणी उतरते आणि उत्तम फूल स्वस्तात मिळतं. तेव्हा कुणाचा वाढदिवस येत असेल तर मनात किंतू न आणता फुलं द्या.

१४ फेब्रुवारीचं वेगळं आहे. तळेगाव दाभाडे आणि मावळातल्या हरितगृहांत डिसेंबरच्या मध्याला गुलाबाची छाटणी होते, ती जानेवारी संपताना फुलं हातात यावीत या हिशेबाने. आधी निर्यातीचा माल जातो, मग इथल्या बाजाराचा. त्या आठवड्यात मागणी एवढी असते की काही माल शीतगृहात धरून ठेवलेला असतो. गुलाबच द्यायचा असेल तर वर सांगितल्याप्रमाणे बुडाशी दाबून बघा, किंवा निशिगंध द्या. त्याला त्या दिवशीही ताजं राहायला कुणी अडवत नाही आणि भावही बेताचा असतो.

निळे गुलाब, इंद्रधनुषी ऑर्किड कुठे मिळतील?

गुलाबात निसर्गतः निळा रंग नाही. दिसतो तो पाण्यातून शोषवलेला किंवा वरून मारलेला रंग असतो. हाताला, पांढऱ्या टेबलक्लॉथला लागतो. ऑर्किड बरीचशी थायलंडहून येतात, जांभळी आणि पांढरी मुळातच देखणी असतात, तीच घ्या.

दवाखान्यात न्यायला कुठून घ्यावीत?

आधी फोन करून विचारा, नेऊ देतात का. अतिदक्षता विभागात फुलं चालत नाहीत, आणि पुष्कळ ठिकाणी वॉर्डातही नाही. चालत असतील तर दवाखान्याच्या दारातल्या टपरीवरून घाईने घेण्यापेक्षा घराजवळून घ्या. उग्र वासाचं लिलियम, निशिगंध नको. बिनवासाचा जरबेरा, कार्नेशन चांगलं. माणूस घरी आल्यावर फुलं नेलीत तर आणखी बरं, कारण तेव्हा भेटायला येणारे कमी झालेले असतात.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना लिलियम देऊ नका. मांजरीला ते विषारी आहे, परागकण चाटले तरी तिची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

गजरा, सोनचाफा, सुरंगी अशी फुलं भेट द्यायची तर?

मला सगळ्यांत आवडतो तो हाच प्रश्न. ही फुलं बुकेच्या दुकानात शोधू नका. ती फुटपाथवर ओल्या फडक्यावर, परडीत, केळीच्या पानात असतात, आणि ती विकणारीला त्या फुलाचं सगळं माहीत असतं.

गजरा घेताना वास घेऊन बघा. मोगऱ्याच्या नावाखाली कागडा ओवलेला असतो. कागडा दिसतो छान, टिकतोही, पण वास जेमतेम. मोगऱ्याचा हंगाम उन्हाळा. थंडीत मोगरा महाग आणि मलूल. संध्याकाळी द्यायचा असेल तर दुपारी कळ्या मिटलेल्या असतानाच घ्या, डब्यात ओलं फडकं घालून ठेवा, देईपर्यंत उमलतो.

सोनचाफा दुसऱ्याला हाताळू देऊ नका. बोट लागलं की तपकिरी डाग उमटतो. विकणारीला देठाकडून धरून डब्यात ठेवायला सांगा. मोठ्या सत्काराला लोक अजून मोठमोठे बुके नेतात, मी एका निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेला स्टीलच्या छोट्या डब्यात अकरा चाफे दिले होते. त्यांनी झाकण उघडलं आणि समोरच्या दोन रांगांपर्यंत वास गेला. त्यांच्याकडच्या बाकी फुलांचं पुढे काय झालं ठाऊक नाही, तो डबा त्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

सुरंगी मात्र मिळेल तेव्हाच. वेंगुर्ल्याजवळच्या आसोली भागात आणि तळकोकणात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास जेमतेम काही आठवडे. कळ्या उमलायच्या आत काढून वळेसर, म्हणजे गजरे, ओवतात. सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या बाजारात बायका घेऊन बसतात. कुणी गोव्याहून किंवा कोकणातून येत असेल तर त्यांना आणायला सांगा. वाळल्यावरही वास राहतो, त्यामुळे प्रवासाची भीती नाही.

डोहाळजेवणाची फुलांची वाडी कुणाकडून करून घ्यावी?

बुकेवाल्याकडून नाही, वेणी-गजरे ओवणाऱ्या बाईंकडून. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा हे मापावर करावं लागतं, म्हणून चार दिवस आधी मापं द्या आणि कळ्या कुठल्या लावणार ते ठरवा. वाडी कार्यक्रमाच्या दोन तास आधी हातात आली पाहिजे, आदल्या रात्री नको. बाजूबंदाला रबर लावायला सांगा; गरोदर बाईचे हात सुजलेले असू शकतात आणि दोऱ्याची गाठ रुतते.

घेतल्यावर देईपर्यंत काय करायचं?

गाडीत एसीच्या झोतासमोर ठेवू नका, डिकीत नका, आणि फळांच्या पिशवीत तर नकाच. पिकलेल्या केळ्या-सफरचंदांतून निघणाऱ्या वायूने फुलं, विशेषतः कार्नेशन, लवकर म्हातारी होतात. आपल्याकडे फळं आणि फुलं एकाच पिशवीतून न्यायची सवय आहे, तेवढी मोडा. घरी दोन-तीन तास थांबायचं असेल तर देठ तिरपा बोटभर कापून बादलीत, अंधाऱ्या मोरीत ठेवा. जरबेऱ्याला पाणी कमी, दोन-तीन बोटंच; देठाला लव असते, तो जास्त पाण्यात कुजतो.

आणि देताना कागदाचा घट्ट आवळलेला खालचा भाग सोडून द्या, किंवा घेणाऱ्या घरात कुणाला तरी हळूच सांगा, "आधी पाण्यात ठेवा, फोटो नंतर काढू."